नाडी

फियाटच्या डॅशबोर्डखाली बघायचं तर माणसाला उताणं व्हावं लागतं. पुढची बाकासारखी सलग सीट काढायची, पाय मागं टाकायचे, पाठ पत्र्याला टेकवायची आणि मान पेडलांच्या बाजूनं आत सारायची. टॉर्च तोंडात, कारण दोन्ही हात लागतात. गेल्या मे महिन्यात मी असा आडवा झालो आणि अण्णांच्या गाडीचं पोट पहिल्यांदा आतून पाहिलं. चाळीस-पंचेचाळीस वर्षं ही गाडी घरात आहे. तिच्यात मी झोपलोय, उलट्या केल्यात, गाडी चालवायला शिकलोय. पण तिच्यातून वीज कुठून कुठं जाते, हे मला ठाऊक नव्हतं.

गाडी १९७९ची प्रीमियर पद्मिनी. आमच्याकडं तिला पद्मिनी कुणी म्हटलं नाही. कुर्ल्याच्या कारखान्यात तीच फियाट ११०० पुढं नव्या नावानं बनत राहिली. तेच १०८९ सीसीचं इंजिन, तोच स्टिअरिंगच्या दांड्याला लावलेला गिअर. त्यामुळं लोकांच्या तोंडी ती अखेरपर्यंत फियाटच राहिली. अण्णा, म्हणजे माझे वडील, कराडजवळच्या एका गावात डॉक्टर होते. गाडी त्यांनी हौसेसाठी घेतली नव्हती. कृष्णेच्या दोन्ही अंगांच्या वाड्यावस्त्यांवर रात्री-अपरात्री जायला ती हवी होती.

आदल्या आठवड्यात तिच्यातून धूर निघाला होता. मी ती अंगणात चालू करून ठेवली होती, आठवड्यातून एकदा ठेवतो तशी. आधी वास आला. वायरीवरचं प्लॅस्टिक जळतं तेव्हा येणारा, घशाला चिकटणारा. मग डॅशबोर्डच्या फटीतून निळसर रेघ. पाना हाताशी होता म्हणून बॅटरीची तार लगेच सोडवता आली. नाहीतर गाडी डोळ्यांदेखत गेली असती. त्या रात्री माझ्या मनात आलेला विचार मला आता लपवायचा नाही. वाटलं, ही अण्णांची करणी. त्यांना सगळं घरच्या घरी, हाताला येईल त्यानं करायची सवय होती. चष्म्याच्या दांडीला दोरा, स्टोव्हच्या वॉशरला चपलेचं कातडं. गाडीतही तेच केलं असणार, आणि ते आज पेटलं.

म्हणून मी ठरवलं, सगळं उपटून टाकायचं. तयार वायरिंग सेट मागवायचा आणि गाडी कारखान्यातून आली तशी करायची.

मिस्त्रींना बोलावलं. हायवेच्या कडेला त्यांची पत्र्याची शेड आहे. आता शेड मुलगा बघतो, पण जुनी गाडी म्हटलं की ते स्वतः येतात. सत्तरी ओलांडलेली, डोळ्यांवर जाड भिंग, खिशात टेस्ट लॅम्प. म्हणजे इंडिकेटरचा बारका बल्ब, दोन हात वायर, एका टोकाला चिमटा आणि दुसऱ्या टोकाला घासून टोकदार केलेला सायकलचा आरा. याच दिव्यावर त्यांनी चाळीस वर्षं गाड्या दुरुस्त केल्या. मल्टिमीटर मुलाकडं आहे. मिस्त्री तो वापरतातही, पण आधी दिवा लावून बघतात. मीटर व्होल्टेज सांगतो, दिवा त्या तारेत खरंच दम आहे का ते सांगतो. हा फरक बारीक वाटला तरी खरा आहे. जोड गंजून तांबं जेमतेम टेकलेलं असलं तरी मीटर बारा व्होल्ट दाखवतो. त्याच तारेवर दिवा लावला की तो मिणमिणतो.

मिस्त्री आडवे झाले, बराच वेळ काही बोलले नाहीत. मग आतूनच आवाज आला. "दादा, ही लाल-काळी कुनी घातली?"

मी म्हटलं, अण्णांनीच असेल.

"न्हाई. डॉक्टरसाहेबांची न्हवं ही. या हिकडं, बघा."

मी दुसऱ्या दारानं आत डोकं घातलं. मिस्त्रींनी टॉर्च धरली होती तिथं एक बारीक वायर काळी पडून वितळली होती. तिच्या धगीनं शेजारच्या चार-पाच वायरी सोलल्या गेल्या होत्या. इग्निशन स्विचच्या पाठीमागून, जिथं बॅटरीची वीज किल्ली न फिरवताही हजर असते तिथून, ती निघाली होती. मध्ये फ्यूज नव्हता. ती डॅशबोर्डच्या खाचेतून येऊन हवेत संपत होती. टोकाला गुंडाळलेली टेप सुकून सुटली होती आणि उघडं तांबं लोखंडी पट्टीला टेकलं होतं.

ती वायर माझी होती. १९९२ साली, कॉलेजात असताना, मी गाडीत कॅसेट प्लेअर बसवला होता. घरातल्या बेलच्या वायरीचं भेंडोळं उरलं होतं, ते वापरलं. दोन टोकं चिमटीत पिळली, वर टेप. अण्णांना विचारलं नव्हतं, कारण ते दहा प्रश्न विचारतील हे माहीत होतं. प्लेअर कधीच निघून गेला. वायर मात्र तिथंच राहिली, जिवंत, तीस वर्षं.

मिस्त्री काही बोलले नाहीत. मीही काही वेळ तसाच पडून राहिलो. मग त्यांनी टॉर्च थोडी डावीकडं वळवली आणि म्हणाले, "आता ह्ये बघा."

डावीकडं अण्णांचं काम होतं. फियाटचं मूळ वायरिंग आणि त्यात वेळोवेळी जोडलेल्या नव्या वायरी. प्रत्येक जोडावर पारदर्शक नळी चढवलेली. नळी सलाईनच्या सेटची. दोन्ही टोकांना रेशमी दोऱ्याची गाठ, टाके घालतात त्या दोऱ्याची. आणि प्रत्येक वायरीवर, दर वीतभर अंतरावर, चिकटपट्टीचा तुकडा. जखमेवर लावतात ती गुलाबीसर चिकटपट्टी. तिच्यावर बॉलपेननं लिहिलेलं: हॉर्न. डावा मागचा. ब्रेक दिवा. वायपर. त्यांच्या औषधाच्या चिठ्ठ्या वाचायला कंपाउंडरच लागायचा. इथं मात्र एकेक अक्षर सुटं, पहिलीतल्या पोरासाठी लिहिल्यासारखं.

"डाख माझा हाय, नळी डॉक्टरांची," मिस्त्री म्हणाले. "मी जोड मारायचा, त्यांनी नळी चढवून गाठ द्यायची. नि चिठ्ठी लावल्याबिगर फुडची वायर धरू द्यायचे न्हाईत. मी म्हनायचा, साहेब, मला हाय की पाठ. तर म्हनायचे, तुला हाय रं, पर तुज्यामागनं येनाऱ्याला?"

तुझ्यामागून येणारा म्हणजे त्या क्षणी मीच होतो, पेडलांमध्ये मान अडकवून पडलेला.

तयार सेटचा विचार मी तिथंच सोडला. भावनेपोटी सोडला असं नाही. मिस्त्रींनी कारण सांगितलं ते पटण्याजोगं होतं. तयार सेट कारखान्यातून निघालेल्या गाडीच्या मापाचा असतो. ही गाडी आता तशी राहिलेलीच नाही. तिचा डायनॅमो कधीच गेला. इंजिन संथ चालू असताना डायनॅमो बॅटरीला काही देत नाही. चिखलातून पहिल्या गिअरमध्ये चाललं की दिवे पिवळे पडायचे आणि चार्जिंगचा लाल दिवा लुकलुकायचा. हे मला लहानपणापासून आठवतं. नव्वदच्या सुमारास अण्णांनी अल्टरनेटर बसवला, पुढं हॅलोजन बल्ब. मागं रिव्हर्सचा जादा दिवा. गाडी बदलत गेली तसं वायरिंगही बदललं. तिला आता जे हवं आहे ते दुकानातल्या खोक्यात नाही.

मग सुरू झाली शोधाशोध. यात मला जे शिकायला मिळालं ते इथं सविस्तर लिहितो, कारण 'जुगाड' हा शब्द आपण फार सैल वापरतो. हाताला लागेल ते वापरणं वेगळं आणि हाताला लागलेलं पारखून वापरणं वेगळं.

पहिली पारख तांब्याची. घरात भिंतीतून जाते ती वायर थोड्या जाड तारांची असते. कधी एकच तार असते. भिंत हलत नाही, म्हणून तिथं ती टिकते. गाडी सतत थरथरते. तीच वायर इथं वर्षा-दोन वर्षांत आतल्या आत तुटते आणि बाहेरून कळतही नाही. गाडीला लागते पुष्कळ बारीक धाग्यांची. घरगुती वायरींत तशी एकच, लवचीक फ्लेक्स. जुने दुकानदार अजून तिला आकड्यांनी ओळखतात: तेवीस शहात्तर, चाळीस शहात्तर. म्हणजे तेवीस किंवा चाळीस धागे, प्रत्येक धागा इंचाच्या दहा हजारांश भागांपैकी ७६ भाग जाड. मिलिमीटरमध्ये सुमारे ०.२. अण्णांच्या बहुतेक जोडण्या चाळीस शहात्तरच्या होत्या. मी वापरलेली बेलची वायर यात कुठंच बसत नव्हती.

दुसरी पारख भाराची. इथं बहुतेकांचा घोटाळा होतो, माझाही झाला होता. वाटतं, घरात २३०, गाडीत नुसते बारा. बारा व्होल्टला कसली जाड वायर? हिशेब नेमका उलटा आहे. व्होल्टेज कमी म्हणूनच तेवढ्याच कामाला प्रवाह जास्त. ५५ वॉटचा एक हेडलाइट साडेचार अँपिअर ओढतो, दोन मिळून नऊ. घरात नऊ अँपिअरवर गीझर चालतो. बारीक वायर हा भार वाहताना तापते आणि वाटेतच व्होल्टेज खाते. व्होल्टेज दहा टक्के घटलं की बल्बचा उजेड जवळजवळ तीस टक्के कमी होतो. म्हणजे आठशे रुपयांचा बल्ब लावून उपयोग नाही, वायर आणि स्विच थकलेले असतील तर. मिस्त्रींनी बॅटरीपासून हेडलाइटपर्यंत जाड वायर थेट नेली, मध्ये फ्यूज आणि रिले टाकला. जुन्या स्विचवर आता फक्त रिलेला खुणावण्याचं काम उरलं. त्या रात्री मी आमच्या गाडीचे दिवे पहिल्यांदा पांढरे पाहिले.

मिस्त्रींच्या शेडमध्ये त्याच वेळी एक जीप उभी होती. युद्धकाळातली विलीस. बॉडी गावठी पत्र्याची, बोनेट दुसरीकडचं, मागची चाकं तिसऱ्याच गाडीची. पाटण खोऱ्यातल्या एका शेतकऱ्यानं हौसेनं बांधून घेतलेली. तिचं मूळ वायरिंग सहा व्होल्टचं. कापसाच्या विणीखाली रबर. ते रबर चिमटीत घेतलं की भुगा व्हायचा, तांबं मात्र आत लख्ख. सहा व्होल्टला प्रवाह दुप्पट लागतो, म्हणून त्या काळच्या वायरी जाडजूड. मिस्त्रींनी गाडी बारावर नेली. सेल्फला लागणारी केबल त्यांनी वेल्डिंगवाल्याकडून आणली. सेल्फ फिरताना दीडशे-दोनशे अँपिअर सहज जातात, आणि वेल्डिंगची केबल याच कामासाठी जन्मल्यासारखी असते. शेकडो बारीक धागे, वर जाड रबर, वाकवावी तशी वाकते. मला विचाराल तर बाजारातल्या हलक्या तयार बॅटरी-लीडपेक्षा हा पर्याय केव्हाही सरस.

इंजिनाजवळच्या वायरींना उष्णता सोसणारी बाही हवी होती. ती मोटार रिवाइंडिंगच्या दुकानात मिळाली. आमच्या ऊसपट्ट्यात दर दोन मैलांवर असं दुकान आहे, कारण विहिरीवरच्या मोटारी जळतच असतात. तिथं वॉर्निश केलेल्या विणलेल्या नळ्या हातावर मोजून देतात. सलाईनची नळी मिस्त्रींनी बोनेटखाली कुठंच वापरली नाही. अण्णांनीही वापरली नव्हती. ती उष्णतेनं मऊ पडते हे त्यांना माहीत होतं. डॅशबोर्डच्या आत, सावलीत, ती चाळीस वर्षांनी जराशी पिवळी पडली होती, एवढंच.

फ्यूजचीही एक गोष्ट सांगायला हवी. फियाटचा फ्यूज म्हणजे चिनी मातीची छोटी कांडी आणि तिच्यावर धातूची पट्टी. गेला की रस्त्यात मिळत नाही. मग लोक सिगारेटच्या पाकिटातली चांदी गुंडाळतात. कितीतरी जुन्या गाड्या या चांदीनं जाळल्या. "चांदी लावली की फ्यूज ऱ्हात न्हाई, नुसता खिळा ऱ्हातो," असं मिस्त्री म्हणतात. अडलंच तर ते चाळीस शहात्तरमधला एक धागा काढून कांडीवर ताणतात. ०.२ मिलिमीटरचा तांब्याचा एक धागा साधारण सात अँपिअरला वितळतो. मूळ पट्टीच्या जवळपास. म्हणजे तोही तात्पुरता इलाजच, पण वितळायची वेळ आली की वितळणारा. आणि घरी पोचल्यावर तो काढून नवा फ्यूज घालायचा, हेही ठरलेलं.

मागच्या दिव्यांचं कोडं दोन दिवस सुटेना. ब्रेक दाबला की डावा इंडिकेटर मंद उजळायचा. मी वायरी तपासत बसलो. मिस्त्रींनी वायरीला हातच लावला नाही. डिकीतला एक स्क्रू काढला, त्याखालचा रंग आणि गंज खरवडून पत्रा चकचकीत केला, व्हॅसलिनचं बोट लावलं आणि स्क्रू आवळला. कोडं सुटलं. गाडीत परतीची तार नसते, पत्राच परतीची वाट असतो. ती गंजानं अडली की वीज शेजारच्या बल्बातून वाट काढते. त्या बिचाऱ्या बल्बाचा काही दोष नसतो.

मागं जाणाऱ्या वायरी छतालगतच्या पोकळीतून ओढायच्या होत्या. मिस्त्रींनी आईकडं नाडी मागितली. परकराची, साधी सुती नाडी. तिला सेफ्टी पिन लावली, पिनेला सायकलच्या आऱ्याचा आधार दिला. वायरींची मोळी चांभाराच्या मेणदोऱ्यानं आवळून नाडीच्या शेपटाला बांधली आणि वर टाल्कम पावडर भुरभुरली. नेफ्यातून नाडी घालावी तसं सरकवत सरकवत पुढच्या खांबातून आत घातलेलं टोक मागच्या काचेपाशी बाहेर आलं. आई दारात उभी राहून बघत होती. म्हणाली, "हे असंच करायचे ते. माझ्या किती नाड्या या गाडीत गेल्या असतील."

शेवटी उरला तो डबा. स्टिअरिंगच्या उजव्या हाताला, डॅशबोर्डच्या खालच्या कडेला, काळ्या बेकेलाइटचा घरगुती दोन पिनांचा सॉकेट स्क्रूनं बसवलेला. त्यावर चिकटपट्टी: "१२. फक्त दिवा." मला तो लहानपणापासून माहीत होता. माझ्या लेखी तो गाडीचा भागच, स्पीडोमीटरसारखा.

त्याचा जोडीदार दाराआड खिळ्याला टांगलेला असायचा. स्टीलच्या वाटीच्या बुडाला भोक पाडून बसवलेला इंडिकेटरचा एकवीस वॉटचा बल्ब, वर तारेचा आकडा, आणि वीस फूट फ्लेक्स. वस्तीवर वीज नसायचीच, असली तर गेलेली असायची. कंदिलाच्या उजेडात टाके घालणं अण्णांना मान्य नव्हतं. गाडी जमेल तेवढी दाराशी न्यायची, दिवा खिडकीतून आत ओढायचा, आढ्याला अडकवायचा. एकवीस वॉट म्हणजे पावणेदोन अँपिअर. दहा तास जळला तरी चाळीस अँपिअर-तासाच्या बॅटरीतलं निम्मंही संपत नाही आणि सकाळी गाडी सेल्फवर सुरू होते. हा हिशेब त्यांनी मला सातवीत असताना पाटीवर करून दाखवला होता. गणित मला तेव्हा कळलं होतं. ते कशासाठी करायचं हे मात्र तेव्हा डोक्यात शिरलं नव्हतं. या दिव्याखाली किती बाळंतपणं झाली याची नोंद घरात कुठं नाही. आमच्या पंचक्रोशीत पन्नाशीच्या अलीकडची अशी माणसं आहेत, ज्यांनी डोळे उघडले ते फियाटच्या बॅटरीवर.

मला ठामपणे वाटतं, की जुन्या गाड्या जशाच्या तशा करणारे लोक इथं चुकतात. स्पर्धेत मांडायची गाडी असेल तर असा सॉकेट आधी काढला जातो, भोक बुजवलं जातं, रंग मारला जातो. गाडी कारखान्यातून निघाली त्या दिवशी जशी होती तशी होते. पण त्या दिवशी ती कुणाचीच नव्हती. मूळ रूप जपणाऱ्यांचे कष्ट मी पाहिले आहेत, त्यांच्याबद्दल मला आदर आहे. तरी आमच्या गाडीचा सॉकेट मी काढू दिला नसता. मिस्त्रींनी काढतो म्हटलंही नाही. त्यांनी त्याची वायर बदलली, अण्णांनी जिथं फ्यूज दिला होता तिथंच नवा फ्यूज दिला, पिनांची भोकं पॉलिश पेपरनं घासली.

माझी बेलची वायर त्यांनी उपटून माझ्या हातात दिली. मी ती टाकली नाही. टेबलाच्या खणात आहे.

शेवटच्या दिवशी मिस्त्रींनी चिकटपट्टीचं रीळ माझ्यापुढं सरकवलं. "लिवा." मी तासभर पत्र्यावर उताणा पडून लिहीत होतो. रिले, उजवा. रिले, डावा. मागचं अर्थिंग, डिकीत, स्क्रूखाली. छतातून मागं, नाडी आतच ठेवली आहे. हे शेवटचं मिस्त्रींचं म्हणणं: पुन्हा कधी वायर ओढायची झाली तर नाडी तयार असावी. माझं अक्षर अण्णांच्या अक्षराशेजारी आलं. त्यांचं अजून सुटं आणि ठळक. माझं सुधारायला हवं होतं, म्हणून दोन पट्ट्या काढून पुन्हा लिहिल्या.

तोवर दिवस मावळला. दिवा दाराआड खिळ्यालाच होता. बल्ब नवा घातला, फ्लेक्स फडक्यानं पुसली. पिना सॉकेटमध्ये घातल्या आणि वाटी आंब्याच्या खालच्या फांदीला अडकवली. अंगणात पिवळट उजेडाचं रिंगण पडलं. मिस्त्री हत्यारं गोळा करत होते.

खिळ्यावरून दिवा काढल्याचा आवाज आत गेला असावा. आई स्वयंपाकघरातून बाहेर आली, पदराला हात पुसत. उजेडाकडं पाहिलं, मग माझ्याकडं. अण्णा दिवा घेऊन निघाले की ती कायम जे विचारायची तेच तिनं विचारलं.

"जेवून जाणार, का आल्यावर?"